जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल ट्रकला कोणतं इंजिन ऑइल टाकावं?

तुम्ही लिहिलंय की मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही दिलेत, मिस्त्री म्हणतो लोड ओढायचाय तर २०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइल इंजिन सांभाळतं, आणि शेवटी विचारलंय सिंथेटिक घेऊ का. मिस्त्रीचं ते वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी थोरल्या भावाच्या तोंडून सात वर्षं ऐकतोय आणि त्यापायी आमचं एक इंजिन पूर्ण उघडून परत बांधावं लागलंय.

आधी सरळ उत्तर देतो. १५डब्ल्यू-४० टाका (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं त्याचा, नंतरचा तापल्यावर किती जाड राहतं त्याचा), सीके-४ चं, हा डिझेल इंजिनाच्या ऑइलचा दर्जा. दोन ग्रेड दिलेत म्हणजे बहुतेक तिथेच खाली बारीक अक्षरात असणार की ३० वालं साध्या वापराला आणि ४० वालं ट्रेलर ओढायला, ते नीट वाचा. थंडी कडाक्याची असेल तर ५डब्ल्यू-४०. ब्रँडवरून डोकं पिकवू नका, डब्याच्या मागे तुमच्या इंजिनाला लागणारा अप्रूव्हल नंबर आहे का तेवढं बघा. ग्रेडचा विषय माझ्या मते इथे संपतो. लोड ओढणारं इंजिन ज्याने जातं ते वेगळंच असतं आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

आमचा सहा सिलिंडरचा ट्रक, मागे लो-बेड (बुटका ट्रेलर), त्यावर पोकलेन. जाताना फुल लोड, येताना रिकामा. गाडी दादा चालवायचा, मेंटेनन्स माझ्याकडे होता, पण म्हणायला माझ्याकडे, इंजिनाजवळ उभं राहिलं की शेवटचा शब्द त्याचाच. रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघायची त्याची सवय मात्र पक्की होती, त्यात त्याने कधी कुचराई केली नाही. तर एकदा ऑइल चेंजला दोन महिने झाले असतील, मला बोलावून पट्टी दाखवली, म्हणाला बघ, एवढे घाट चढतेय तरी एक थेंब टॉप-अप नाही, उलट वरच्या खुणेच्याही वर बोटभर दिसतंय. चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता, गाडी ऑइल खात नाही हे तो भेटेल त्याला सांगत होता.

मला ते बघून पोटात गोळा आला. ऑइल वाढतं कसं? इंजिन ऑइल तयार करत नाही. वाढलं म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतंय, एक तर डिझेल नाहीतर कूलंट. पट्टी फडक्याने पुसली, परत बुडवली, नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास. टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवला, तासाभराने मधे काळा डाग आणि त्याच्या बाहेर फिकट पिवळं कडं लांबवर पसरलेलं, ते कडं डिझेलचं असतं. मी दादाला म्हटलं नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) टपकतंय, सगळी नोझलं काढून चेक करू, गाडी दोन दिवस उभी राहू दे. तो म्हणाला, "वासावरून कुणी इंजिन उघडतं का? ऑइल पातळ वाटतंय ना तुला, मग जाड टाकू."

आणि टाकलं. सगळं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० भरलं. प्रेशरच्या गेजची सुई वर गेली आणि त्याच दिवशी आमचा वाद त्याच्यापुरता संपला. सुई वर, म्हणजे इंजिन ठणठणीत. पण प्रेशर म्हणजे ऑइलला वाहायला होणारा अडथळा, जाड ऑइल भरलं की सुई वर जाणारच, बेअरिंगपर्यंत ऑइल किती पोचतंय ते त्या सुईला कळत नाही. मी गरम इंजिनातून, निम्मं ऑइल गळून गेल्यावर, एक बाटली भरून घेतली होती आणि लॅबला पाठवली. रिपोर्टमध्ये डिझेल ६ टक्के. नवीन असताना १०० डिग्रीला १४.६ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक) असलेलं ऑइल ११.३ वर आलेलं. ४० ग्रेडची हद्द १२.५ ते १६.३ असते, म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं आणि इंजिनात ३० फिरतंय अशी गत. शिवाय शिसं आणि तांबं वाढलेलं, ते बेअरिंगमधूनच आलेलं. मी रिपोर्ट दादापुढे ठेवला तर तो म्हणाला, ते ऑइल तर काढून टाकलं, आता त्याचं काय.

नोझल तेच होतं ना पण. अकरा आठवड्यांनी पोकलेन घेऊन चढ चढताना आवाज सुरू झाला, खालून, खोल, ठक ठक. न्यूट्रलला सुई जवळजवळ झोपलेली. गाडी तिथेच उभी केली म्हणून क्रँक वाचला. इंजिन उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. रॉड बेअरिंगचा वरचा करडा थर नखाएवढ्या पट्ट्यांत निघून गेलेला आणि खालचं तांबं लालसर चमकत होतं, सहापैकी दोन तर बोट फिरवलं तर खरबरीत लागत होते. तिसऱ्या नंबरचं नोझल टेस्टरवर लावलं, प्रेशर दिलं, फवारा मारायच्या आधीच टोकाला थेंब जमून खाली पडत होता. त्या सिलिंडरची भिंतही धुतली गेलेली, डिझेलने ऑइलचा थर पुसला की रिंग कोरडी घासते.

दादा अजून म्हणतो की सुरुवातीपासून २०डब्ल्यू-५० असतं तर इंजिन टिकलं असतं. नसतं टिकलं. डिझेल त्यालाही पातळ करतंच, चार दिवस उशिरा करतं एवढंच. उलट सकाळी थंड इंजिनात ते बेअरिंगपर्यंत आणि टर्बोपर्यंत (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) उशिरा पोचतं, स्वतःच्याच घर्षणाने जास्त तापतं, आणि २०डब्ल्यू-५० चे कितीतरी डबे पेट्रोलच्या किंवा बाइकच्या स्पेकचे असतात, त्यात डिझेलची काजळी धरून ठेवायची ताकद नसते. लोड असताना बेअरिंगमध्ये काय टिकतं ते बघायला १५० डिग्रीवरची एचटीएचएस टेस्ट असते, तापलेलं ऑइल जोरात घासलं जाताना किती जाड राहतं ते त्यात मोजतात, १५डब्ल्यू-४० ला त्यात किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद लागतात. योग्य ऑइल स्वच्छ असेल तर ते लोडला पुरतं, फक्त ते ३.७ शेवटच्या दिवसापर्यंत राहायला हवेत.

म्हणून माझं म्हणणं, ग्रेडसाठी जेवढा वेळ घालवताय त्याच्या निम्मा तरी पट्टीसाठी द्या. लेव्हल कमी झाली तर टॉप-अप करता येतं, वाढली तर त्याच दिवशी गाडी थांबवा. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर रीजनरेशनच्या वेळी, म्हणजे ती काजळी जाळताना, बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल मारलं जातं, त्यातूनही थोडं खाली उतरतं, विशेषतः रीजनरेशन अर्धवट सोडून गाडी बंद करायची सवय असेल तर. तासन्‌तास न्यूट्रलला ठेवली तरी तेच. आणि चेंज किलोमीटरवर मोजू नका. चढावर फुल लोडमध्ये केलेले शंभर किलोमीटर आणि रिकाम्या गाडीचे शंभर किलोमीटर ऑइलला एक वाटत नाहीत, तापमान दर १० डिग्रीने वाढलं की ऑइल सडायचा वेग साधारण दुप्पट होतो. किती डिझेल जळलं किंवा इंजिन किती तास चाललं त्यावर मोजा, नाहीतर मॅन्युअलमधलं सिव्हिअर ड्युटीचं अंतर धरा, ते बऱ्याचदा नेहमीच्या निम्म्याच्या आसपास असतं. वर्षातून दोनदा लॅबला नमुना पाठवा. सिलिकॉन वाढलेलं आलं तर एअर फिल्टरकडून धूळ येतेय, सोडियम-पोटॅशियम आलं तर कूलंट. दादा म्हणायचा बोटात चोळून सगळं कळतं. पाच-सहा टक्के डिझेल बोटाला कळत नाही, त्याच्या हाताला वीस वर्षांचा अनुभव होता तरी कळलं नव्हतं.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये चेंज केल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. चढ चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, दोन-तीन मिनिटं न्यूट्रलला राहू द्या, टर्बोचा शाफ्ट लोडवर लाखाच्या आसपास आरपीएमने फिरून तापलेला असतो आणि ऑइल थांबलं की तिथेच जळून कोळसा होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एफए-४ लिहिलेलं ऑइल मॅन्युअल स्पष्ट सांगत नसेल तर घेऊ नका, ते मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे, एचटीएचएस २.९ ते ३.२, आणि डबे शेजारी ठेवलेले असले की चूक होते. डीपीएफवाल्या गाडीत जुन्या सीआय-४ दर्जाचं ऑइल टाकू नका, त्यातली राख फिल्टरमध्ये बसते आणि काजळीसारखी जळून जात नाही. आणि मिस्त्रीच्या बाजूने एक सांगतो, जुनं, डीपीएफ नसलेलं इंजिन असेल, कडक ऊन असेल आणि मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० छापलेलं असेल तर डिझेलच्या स्पेकचं बघून खुशाल टाका, माझा राग त्या ग्रेडवर नाही. आजार न शोधता जाड ऑइल भरण्यावर आहे.

सिंथेटिकचं राहिलंच. ५डब्ल्यू-४० घेतलं तर ते बहुतेक सिंथेटिकच असतं. मोठे चढ, सलग ओढकाम असेल तर फायदा आहे, तापल्यावर लवकर सडत नाही. पण सिंथेटिक आहे म्हणून चेंज पुढे ढकलणार असाल तर साधं वेळेवर बदललेलं बरं. इंजिन कोणतं आणि डीपीएफ आहे का ते लिहिलं नाहीत तुम्ही, मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो टाका, बघून सांगतो. आणि उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी पट्टी काढून वास घ्या.