वडील ११ वर्षांनी फौज सोडून आले. त्यांना माजी सैनिकाचे लाभ मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की वडील १९९२ ला भरती झाले आणि ११ वर्षांनी घरच्या अडचणीमुळे स्वतः अर्ज करून परत आले. तसंच असेल, तर बहुधा नाही मिळणार.

मी १७ वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी क्लार्क म्हणून. ‘किती वर्षं झाली की माजी सैनिक?’ हा प्रश्न शेकडो वेळा ऐकलाय. मी उलट विचारतो, डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या पुस्तकात, सुटण्याचं कारण काय लिहिलंय?

१ जुलै १९८७ किंवा त्यानंतर सुटलेल्यांचं असं आहे: पेन्शन घेऊन आलेला माणूस माजी सैनिक, मग तो स्वतःच्या अर्जाने का आलेला असेना. जवानाला त्यासाठी १५ वर्षं लागतात, अधिकाऱ्याला २०. ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारीही माजी सैनिकच. पण पेन्शन बसायच्या आत स्वतःच्या विनंतीवरून सुटलेला यात येत नाही. ११ वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला हे लागतं, मला कळतं, पण नियम तसा आहे.

तरीही ते पुस्तक काढून बघाच. घरी ‘अडचणीमुळे आलो’ म्हणणारे काही जण प्रत्यक्षात मेडिकल बोर्डाने बाहेर काढलेले असतात. आजारपणाबद्दल बोलायला संकोच वाटतो. तसं निघालं तर चित्र बदलतं. दुखापत किंवा आजार नोकरीमुळे झाला अथवा नोकरीत बळावला, आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त ठरलं, तर अपंगत्व पेन्शनला किमान वर्षांची अट नाही. ती पेन्शन असली की माजी सैनिकाचा दर्जाही आला.

(धाकट्या भावाचं अग्निपथचं विचारलंत: चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला सेवा निधी, म्हणजे एकरकमी पैसे, मिळतो. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.)

पुस्तक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, झेरॉक्सवर भागवू नका. हरवलं असेल तर वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. त्यात आर्मी नंबर हवाच. तो वडिलांनाच विचारा. फौजी लग्नाची तारीख विसरेल, नंबर विसरत नाही.