सिस्टर, एक विचारू? : बघायला येणाऱ्यांना काम द्या

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझ्या सासऱ्यांना जबड्याचा कॅन्सर आहे, वय ७४. परळला टाटामध्ये केमो झाली. आता तिथल्या डॉक्टरांनी 'यापुढे उपचार नाहीत, घरी न्या, दुखणं ताब्यात ठेवू' असं सांगून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. मिस्टर अंधेरीला कंपनीत, जमेल तसे तुतारी एक्स्प्रेसने येऊन जातात. घरात मी, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. नणंद म्हणते, बांद्र्याच्या हॉस्पिसमध्ये (बरा न होणाऱ्या रुग्णाला शेवटपर्यंत सांभाळतात तिथे) ठेवू. सासूबाई म्हणतात, शेवटी म्हाताऱ्याला परक्याच्या दारात टाकलं असं अख्खी वाडी बोलेल. नशेची सवय लागेल म्हणून त्या गोळ्याही लपवून ठेवतात. माणसं रोज बघायला येतात, त्यांना चहा करून करून मी दमले. काय करू?
— एक सून, राजापूर तालुका

उत्तर : सूनबाई, आधी गोळ्या शोधून काढा. बाकीचं सगळं उद्यावर ढकलता येईल, दुखणं ढकलता येत नाही. मॉर्फिनची साधी गोळी चारेक तास पुरते. म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते, ते कण्हायला लागल्यावर नव्हे. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या मापात घेणाऱ्याला सहसा व्यसन लागत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. त्यांचं भय मात्र अगदीच हवेतलं नाही. अमली पदार्थांचा १९८५चा कायदा इतका कडक होता की पुष्कळ डॉक्टर आणि दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरायचे. २०१४मध्ये दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. तरी ती गावच्या मेडिकलात मिळेल असं धरून चालू नका. आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच मिस्टरांना फोन करा. डबा कुलपात ठेवा आणि शेजारच्या काकांची पाठ धरली म्हणून त्यातली एक काढून देऊ नका. मॉर्फिनने पोट हमखास बांधतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला हवं. ते नसतं, पोटात कळा येतात आणि घरची माणसं चांगलं लागू पडलेलं मॉर्फिन बंद करतात, हे मी फार पाहिलंय. सुरुवातीचे काही दिवस गुंगी येईल. पण हाक मारून जागच येत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आता हॉस्पिस. बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, आपल्या देशातलं पहिलं. तिथे पैसे घेत नाहीत. त्यांचं एक केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र १९९७पासून आहे. तिथे घरच्या माणसाला रुग्णासोबत राहता येतं आणि त्रास आटोक्यात आला की रुग्णाला घरीही पाठवतात. तेव्हा 'टाकलं' हे बोलणं वाडीच्या अज्ञानाचं आहे, मनाला लावून घेऊ नका. जखम आवरेना, रक्त थांबेना किंवा तुम्हीच आडव्या झालात, तर निःशंकपणे न्या.

पण एक खटकलं. तुमच्या पत्रात नणंदेचं म्हणणं आहे, सासूबाईंचं आहे, वाडीचं आहे. ज्यांचं दुखणं त्यांचं कुठेच नाही. त्यांना विचारा. जबड्यामुळे बोलता येत नसेल तर मुलाची पाटी द्या. बहुतेकांना आपली पडवीच हवी असते, पण त्यांना कदाचित तुमचे हाल बघवत नसतील आणि बांद्राच बरं वाटत असेल.

घरीच ठेवायचं ठरलं, तर हॉस्पिसची सेवा घरातही होते. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७मध्ये लंडनला पहिली संस्था उघडली, ती इमारतच होती. (बाई डॉक्टर होण्याआधी नर्स होत्या, हे मी मुद्दाम लिहिते.) पण शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचं, पैशाचं, घरच्या काळजीचंही दुखणं असतं आणि घरची माणसंही आपलेच रुग्ण, हे त्यांनी लावून धरलं. म्हणून चांगली हॉस्पिसं माणूस गेल्यानंतरही घरच्यांची विचारपूस करत राहतात. केरळात १९९३मध्ये कालिकतला काही डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी काम सुरू केलं. पुढे गावोगावचे शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं आठवड्यातले काही तास शेजारच्या आजाऱ्याला द्यायला लागली. खर्च लोकांच्या लहानसहान वर्गणीतून निघाला. २००८मध्ये सरकारने धोरण केलं आणि आता तिथे पंचायतीमार्फत नर्स घरी येते.

आपल्याकडे ते नाही म्हणून रडायचं कारण नाही. आपल्या वाडीत कोणी गेलं की काय होतं, आठवा. निरोप पोचायच्या आत माणसं जमतात, घराघरातून लाकडं येतात, भर पावसातही कोणीतरी सुकी फाटी काढून देतो. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. कोणाला सांगावं लागत नाही. म्हणजे गावकीला मदत करता येते, फक्त ती मेल्यावर सुरू होते. तुम्हाला ती आणायचीय दोन-तीन महिने अलीकडे.

त्यासाठी 'काय लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सांगायचं. समोरच्या काकीला म्हणा, दुपारी दोन ते चार तुम्ही बसा, मी झोपते. झोपायचंच, त्या वेळात भांडी घासायची नाहीत. दोन गडी संध्याकाळी कूस बदलायला आणि अंग पुसायला येऊ देत. सासऱ्यांना सुनेकडून अंग पुसून घ्यायची लाज वाटत असणार, ते बोलणार नाहीत. मोटरसायकलवाल्या पोराकडे गॉज आणि औषधं आणायचं काम. निवृत्त गुरुजी असतील तर त्यांनी पेपर वाचून दाखवावा आणि 'आता काय उपयोग' हे वाक्य दाराबाहेर ठेवून यावं. चहा बंद. ज्याला हवा त्याने आत जाऊन करावा आणि तुम्हालाही कप द्यावा. चार दिवस कुजबुज होईल, मग सवय होईल.

माणसं लांब बसत असतील तर जखमेचा वास हे कारण असू शकतं. ड्रेसिंगवर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून भुरभुरवू का, हे डॉक्टरांना विचारा. वास पुष्कळ कमी होतो. जेवणासाठी आग्रह नको. मऊ पेज दोन चमचे गेली तर दोन चमचे. बळेबळे भरवलं तर ठसका लागून छातीत जाईल. तोंड मात्र ओल्या मऊ कापडाने पुसत राहा.

आशाताईंना सांगून उपकेंद्रात नाव नोंदवा. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात अशा रुग्णांची सेवा धरलेली आहे. एकदा सांगून नाही आले तर पुन्हा सांगा. मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील हेही आजच विचारून ठेवा. नको वाटेल, पण त्या दिवशी मिस्टर गाडीत असतील आणि धावाधाव तुम्हालाच करावी लागेल. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांत करायची असते.

मुलाला परीक्षा आहे म्हणून बाजूला ठेवू नका. गोळ्यांच्या वेळा वहीत लिहायचं काम त्याला द्या. सासूबाईंना नवऱ्याच्या पायाला तेल लावू द्या. गोळ्या लपवणाऱ्या हातांना दुसरं काम हवंच.

प्रश्न : आमच्या मुंबई मंडळाकडे थोडी शिल्लक आहे. गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी ॲम्ब्युलन्स घ्यावी असं काहींचं मत. तुमचं?
— एक चाकरमानी, नालासोपारा

उत्तर : ॲम्ब्युलन्सला चालक लागतो, डिझेल लागतं आणि वर्षभरात ती देवळामागे उभी राहते. त्यापेक्षा फिरती वापरता येतील अशी साधनं घ्या : कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, मागून उचलता येणारी खाट, गाद्या. गादी हवेची घेऊ नका. तिचा पंप विजेवर चालतो आणि आपल्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल कोण सांगणार. पाण्याची गादी घ्या. तरीही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, हे नेणाऱ्याला सांगा. उरलेल्या पैशातून घरोघर जाणाऱ्या नर्सच्या पेट्रोलची सोय करा. सामान कोणाकडे, परत आल्यावर धुणार कोण, हे गणपतीत सगळे गावात असताना ठरवा. आणि एवढं ऐका, त्या गादीवर 'सप्रेम भेट' छापू नका.