घरबसल्या डेटा एन्ट्रीची ऑफर आली आहे. फी मागत नाहीत, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि करारही पाठवलाय. उद्यापर्यंत सही करायची आहे. ऑफर खरी असेल का? आधार आणि पॅनचे फोटो मी आधीच पाठवलेत.

सही करू नका. निदान उद्या तरी नाहीच.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी उद्याची मुदत मला खटकते, आणि ‘फी मागत नाहीत’ म्हणून तुम्ही निर्धास्त झालात हे त्याहून जास्त खटकतं. मी भरतीच्या कामात आहे, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक असले कागद मला दाखवायला आणतात. ‘आधी पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ हे आता सगळ्यांना पाठ झालंय. फसवणाऱ्यांनाही झालंय. म्हणून डेटा एन्ट्रीवाल्यांनी पैसे मागायची वेळच बदलली. आता कामाच्या आधी नाही, काम ‘बिघडल्यावर’ मागतात. आणि काम बिघडणार हे आधीच ठरलेलं असतं.

ओळखीतल्या एका मुलीने असा करार मला वाचायला दिला होता. मोबदल्याचं कलम दोन ओळींचं, दंडाचं कलम जवळजवळ पानभर. अचूकता ९० टक्क्यांच्या खाली गेली तर मोबदला नाही, मुदतीत काम झालं नाही तरी मोबदला नाही, आणि दोन्ही वेळा ‘पोर्टल वापराचं शुल्क’ मात्र काम करणाऱ्याने भरायचं. अचूकता मोजणार कोण? कंपनी. कशी मोजणार, चूक कशाला म्हणायचं, निकाल मान्य नसेल तर फेरतपासणी कुठे मागायची, याबद्दल अक्षरही नाही. तुमच्या करारात आधी हे कलम शोधा. बाकीची पानं नंतर वाचलीत तरी चालेल.

पुढचा प्रकार साधारण असा होतो. लॉगिन मिळतं. स्क्रीनवर एका बाजूला नाव, पत्ता, कसलेतरी आकडे यांचं धूसर चित्र, दुसऱ्या बाजूला रिकामा फॉर्म. दिवसरात्र बसून टाइप करायचं. शेवटच्या दिवशी पोर्टल अडखळतं, भरलेलं सेव्ह होत नाही, मदतीचा नंबर उचलत नाहीत. मग तपासणीचा अहवाल येतो: नापास. त्यानंतर ‘लीगल डिपार्टमेंट’चा फोन: शुल्क भरा, नाहीतर कोर्टात केस.

म्हणून कागद तपासण्याआधी काम तपासा. हे काम कोणाला हवंय? चित्रातला मजकूर आधीच छापलेला आहे, म्हणजे तो कुणीतरी कधीतरी टाइप केलेलाच आहे. छापील मजकूर वाचणारी सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं वापरात आहेत. तरीही कुणीतरी अनोळखी माणसाला, मुलाखत न घेता, टाइपिंगचा वेगसुद्धा न विचारता, तेच पुन्हा टाइप करायचे पैसे देतोय. कशासाठी? फोन करून विचारा: तुमचा ग्राहक कोण, हा डेटा पुढे कशाला वापरतात? खऱ्या कंपनीतला माणूस ग्राहकाचं नाव कदाचित सांगणार नाही, पण काम काय आहे ते समजावू शकेल. खोटा माणूस पाठ केलेली चार वाक्यं पुन्हा म्हणेल, नाहीतर वैतागेल.

आता कागद. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून बघता येतो. नोंदणी कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली, व्यवसाय कसला, पत्ता कुठला हे सगळं दिसतं. ‘दहा वर्षांची नावाजलेली कंपनी’ आणि नोंदणी मागच्या महिन्यातली, असं निघालं तर विषय संपला. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, असायलाच हवा. त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार अंक म्हणजे स्थापनेचं वर्ष. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तो पडताळता येतो. छोट्या उद्योगांना मिळणाऱ्या उद्यम प्रमाणपत्राला मात्र फार भाव देऊ नका. ती नोंदणी फुकट होते आणि स्वतःच्या घोषणेवर मिळते.

हे सगळं जुळलं तरी एवढंच कळतं की अशी कंपनी आहे. तुमच्याशी बोलणारा माणूस त्याच कंपनीचा आहे हे त्यातून कळत नाही. दुसऱ्याच कुणाचं प्रमाणपत्र उचलून पाठवणं अगदी सोपं आहे. त्यामुळे त्यांनी दिलेला नंबर आणि लिंक बाजूला ठेवा. कंपनीचा पत्ता-फोन स्वतः शोधा, तिथे फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे या नावाचं कुणी काम करतं का, ही भरती चालू आहे का. माझ्या मते बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा हा एक फोन जास्त कामाचा. ईमेल जीमेलवरून आला असेल तर शंका घ्याच, पण कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’ किंवा ‘एचआर’ जोडून केलेल्या पत्त्यावरून आला असेल तरी घ्या. असं डोमेन (ईमेलमधलं @ नंतरचं नाव) कुणालाही विकत मिळतं. ते कधी नोंदवलं हे ‘हू-इज’ या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात दिसतं.

घरून करायच्या खऱ्या नोकऱ्या आहेत, भरपूर आहेत. पण तिथे मुलाखत घेणारा तुम्हालाच खोदून खोदून विचारतो, कारण उद्या पगार त्याला द्यायचा असतो. कर कापायचा असला तर तुमच्या पैशातून कापून उरलेले देतात, ‘आधी कर भरा मग रक्कम सोडतो’ असं कुणी म्हणत नाही. पैसे यायला यूपीआयचा पिन लागत नाही. आणि ‘कंपनीचे पैसे तुमच्या खात्यात घेऊन पुढे पाठवा’ हे जर कामात असेल तर तिथूनच परत फिरा. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात आणि खातं गोठतं ते तुमचं.

आणि समजा सही होऊन गेली असेल, नोटीसही आली असेल, तर घाबरून पैसे भरू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. खरंच केस झाली असेल तर तिला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर ती दिसते. तो क्रमांक मागा, बहुतेक वेळा पलीकडे शांतता पसरते. करार पाळला नाही हा दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. शिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार दंड म्हणून लिहिलेली रक्कम जशीच्या तशी वसूल होत नाही. कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा. फसवून सही घेतली असेल तर करारच रद्द करून मागता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० हा त्यांचा नंबर. महिलांना तिथे उत्पन्नाची अटच नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, उद्यावर ढकलू नका. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आली तर येते. चॅट, कॉल, करार काहीच डिलीट करू नका.

आधार आणि पॅनचे फोटो आधीच पाठवलेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते परत घेता येत नाहीत. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दोन-तीन महिन्यांनी काढा, तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललं असेल तर त्यात दिसेल. यापुढे आधार द्यावंच लागलं तर मास्क्ड प्रत द्या, तिच्यात शेवटचे चारच अंक दिसतात.