दोन एसक्यूलाइट असली तर जीसीसी कोणतं घेतो?

तुमचा प्रश्न असा: खानापूरच्या कॉलेज लॅबमध्ये उबुंटू 20.04 आहे आणि त्यात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस लायब्ररीचं मूळचं 3.31 व्हर्जन. लॅबवाल्यांनी नवं एसक्यूलाइट यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये बसवलं. सी प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो, पण 'रिटर्निंग' (बदललेल्या ओळी लगेच परत देणारा शब्द) असलेली क्वेरी चालवली की सिंटॅक्स एरर येते. मग कंपायलरनं घेतलं तरी कोणतं?

जीसीसी हा सी कंपायलर व्हर्जन बघतच नाही. त्याच्याकडं फोल्डरांची ठरलेली रांग असते. हव्या नावाची फाइल जिथं आधी सापडली, ती घेतली. आणि ही निवड तीनदा होते: हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) प्रीप्रोसेसर शोधतो, लायब्ररी (त्यांचा तयार कोड) लिंकर शोधतो, आणि प्रोग्रॅम चालू होताना लोडर ती लायब्ररी पुन्हा नव्यानं शोधतो. तिघं एकमेकांना विचारत नाहीत.

हेडरच्या रांगेत यूएसआर-लोकल आधी येतं, म्हणून तुम्हाला नवं हेडर मिळालं. उबुंटूत लिंकरची रांग वेगळी आहे: सिस्टिमचं डेव्हलपमेंट पॅकेज असेल तर त्याचीच लायब्ररी आधी सापडते. लोडरचं तर आणखी वेगळं. तो कॅशमधून, म्हणजे लायब्ररींच्या तयार यादीतून बघतो, आणि नवी लायब्ररी बसवल्यावर ही यादी ताजी करणारी 'एलडीकॉन्फिग' कमांड चालवली नसेल तर त्या कॅशमध्ये तिची नोंदच नसते. एसक्यूलाइट 3.31 असो की त्यापुढचं, लोडरला दिसणारं नाव बहुधा एकच, शेवटी 'एसओ शून्य'. त्यामुळं जुनी लायब्ररी निमूटपणे लागते. 'रिटर्निंग' 2021 साली 3.35 मध्ये आलं. क्वेरी ही सीच्या दृष्टीनं नुसती स्ट्रिंग, ती कंपायलर कशाला तपासेल?

मी बेळगावात उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक टेस्ट बेंचसाठी सीमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. प्रेशरची रीडिंग एसक्यूलाइटमध्येच जातात, तेव्हा ही गोष्ट मी अंदाजावर सोडत नाही. प्रोग्रॅम सुरू होताच दोन ओळी छापतो: 'एसक्यूलाइट व्हर्जन' हा मॅक्रो हेडरचं व्हर्जन सांगतो, आणि 'लिबव्हर्जन' हे फंक्शन खरोखर लोड झालेल्या लायब्ररीचं. दोन्ही जुळले नाहीत तर प्रोग्रॅम तिथंच थांबवतो. तुम्हीही आधी एवढं करून बघा की, उत्तर लगेच समोर येईल. कोणती फाइल लागली ते 'एलडीडी' ही कमांड दाखवते, आणि हेडरची रांग जीसीसीला 'डॅश व्ही' दिल्यावर दिसते.

रस्ट या भाषेत हा घोळ बराच कमी, कारण कार्गो हा तिचा पॅकेज मॅनेजर आधी व्हर्जन ठरवून लॉक फाइलमध्ये लिहितो आणि कंपायलरच्या हातात नेमकी फाइल देतो. सीमध्ये ते काम आपलं.

लॅबच्या मशीनवर तुम्हाला रूट (अ‍ॅडमिनचा अधिकार) मिळणार नाही. लॅबवाल्यांना एकदा 'एलडीकॉन्फिग' चालवायला सांगा. ते जमलं नाही तर लिंक करताना यूएसआर-लोकलचं लिब फोल्डर 'डॅश कॅपिटल एल'नं द्या आणि तेच 'आरपाथ' (प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेला लायब्ररीचा पत्ता) म्हणूनही द्या, म्हणजे लिंकर आणि लोडर दोघंही तिथंच आधी बघतील.