शाकाहारी माणूस सीरियन घरात काय जेवेल?

तुम्ही विचारलंय, सीरियन जेवण म्हणजे शवर्मा आणि कबाबच ना, मग शाकाहारी माणसाने त्यांच्या घरी जेवायला गेल्यावर काय करायचं? पोटभर जेवायचं.

बर्लिनमध्ये आमच्या समोरच्या दारात दमास्कसचं कुटुंब राहतं. तिथल्या मावशींना मी खाला म्हणते. त्यांच्याकडून शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त बिनमांसाचं आहे. शवर्मा बाहेर जाऊन खायचा. घरी मुजद्दरा होतो: मसूर आणि बुरगुल एकत्र शिजवलेलं, वर काळपट होईतो तळलेला कांदा, बाजूला दही. बुरगुलला आपला दलिया समजू नका. गहू आधी उकडून, उन्हात वाळवून मग भरडतात. फ्रीका म्हणजे हिरव्या ओंब्या जाळावर भाजून काढलेला गहू. शेतावर ओंब्या खाल्ल्या असतील तर तो धुरकट वास लगेच ओळखाल. फक्त तो बरेचदा मटणाच्या पाण्यात शिजवतात, तेवढं विचारून घ्या.

माझा जीव मात्र हर्राक इस्बओवर. नावाचा अर्थ बोट भाजवणारा. मसुरीत कणकेचे तुकडे, चिंच, डाळिंबाचा आटवलेला रस, वरून लसूण-कोथिंबिरीची फोडणी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आईची वरणफळंच आठवली. चिंचेला अरबीत तमर हिंदी म्हणतात, हिंदचा खजूर!

आणि मकदूस. ऑक्टोबरच्या आसपास घरोघरी वर्षाची बेगमी होते, तिला मूने म्हणतात. बोटाएवढी लहान वांगी अर्धवट उकडायची, चीर देऊन आत मीठ भरायचं आणि वर वजन ठेवून दाबायची. मग अक्रोड, लाल मिरची आणि लसणाचं सारण भरून बरणी एक रात्र उलटी ठेवायची. उरलंसुरलं पाणी निथळलं की वांगी बुडतील इतकं ऑलिव्ह तेल ओतायचं. सकाळी गरम खुब्ज म्हणजे तिथली रोटी, लबने म्हणजे चक्क्यासारखं घट्ट दही, चहा आणि त्यासोबत एक मकदूस.

पहिल्या वर्षी मी वांगी एकच रात्र दाबली आणि बरणीला फेस आला. खालांनी सगळी बरणी टाकायला लावली. पुढच्या खेपेला त्यांनी एक वांगं माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाल्या, पीळ. तळहात कोरडा राहिला, तेव्हाच सारणाला हात लावू दिला.