प्राथमिक शाळेतल्या मुलांना संगणकावर शेती शिकवता येते का? त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की गावच्या शाळेला देणगीत दोन संगणक मिळालेत आणि तिसरी-चौथीच्या मुलांना त्यावर शेती शिकवायची आहे. सॉफ्टवेअर कोणतंच घेऊ नका. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो आणि घेऊन पस्तावलेला माणूस आहे.

सुरुवातीला मी व्हिडिओ लावायचो. चिखलातली भाताची लावणी, हिरवीगार खाचरं. आमच्या पोरांनी भात ताटातच पाहिलेला. सिनेमा बघावा तसं बघून मोकळी झाली. मग एक खेळ आणला. बी टाकायचं, झारीनं पाणी घालायचं, पाच मिनिटांत कापणी. सगळी खूश. मागच्या रांगेतली एक मुलगी तेवढी म्हणाली, "सर, ह्यात खुरपायचं कधी?" तिची आई रोजानं खुरपायला जाते. तो खेळ मी त्या दिवशीच बंद केला.

शेतकऱ्याच्या पोराला पडद्यावर शेत दाखवायची गरज नसते. ते पोरगं शाळा सुटली की शेतातच असतं. त्याच्या घरी जे होत नाही ते शाळेनं करावं, म्हणजे मोजणं आणि लिहून ठेवणं. संगणक इथे खरा उपयोगी पडतो, आणि त्याला लिब्रे ऑफिसमधली फुकटची कॅल्क शीट, म्हणजे आकडेमोड करणारा रकान्यांचा तक्ता, पुरते.

आमची शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा पेरण्या तोंडावर असतात. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं घरच्या सोयाबीनच्या बियाण्यातले १०० दाणे मोजून आणायचे. निवडून नाही, हाताला येतील तसे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि सहाव्या-सातव्या दिवशी उलगडायची. मोड दिसला म्हणून लगेच धरायचं नाही. मूळ धड आणि कोंब सरळ असेल तेच मोजायचं. यावरून वर्गात जी भांडणं होतात तो खरा शेतीचा तास. शंभरातले किती उगवले तेच टक्के, त्यामुळे शेकडेवारी न शिकलेल्या पोरालाही आकडा कळतो.

मग शीट. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात उगवलेले दाणे, तिसऱ्यात एकरी किती बी लागेल. हे तिसऱ्याचं सूत्र मी घालून ठेवतो. एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवणीला धरलेलं असतं. ६० च उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. चौथीच्या पोराला हे त्रैराशिक जमणार नाही, पण ६० लिहिलं की शेजारी ३५ उमटतं आणि ५० लिहिलं की ४२, हे ते डोळ्यांनी बघतं. एका वर्षी एकाचे ४८ च आले. दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत हजर, "गुरुजी, पोरांच्या खेळावर मी बी बदलू का?" मी म्हटलं, घरी तुमच्या हातानं करून बघा. त्यांचे ५१ आले. बी बदललं.

पावसाचंही तसंच. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी पट्टीनं मोजायचं, आकडा शीटमध्ये. खाली बेरीज आपोआप वाढते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आमची पोरं त्या बेरजेकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखी बघतात. एका गुंठ्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण हजार लिटर पाणी, गच्चीवरची काळी टाकी भरून. हे एकदा सांगितलं की मिलिमीटर त्यांच्या डोक्यात बसतो. महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, पावसाचा आकडा सरकारच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो, तोही शेजारच्या रकान्यात टाका. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा पोरं विचारतात, मोजायचं यंत्र आहे कुठं? २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर भरपाईसाठी अतिवृष्टी धरतात आणि ती मंडळाच्या आकड्यावरून, त्यामुळे हा प्रश्न त्यांचे बापही विचारतात.

टायपिंग मराठीतच करून घ्या. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर 'ज्वारी' लिहायला 'ज'चा पाय मोडावा लागतो. तो मोडायचं बटण सापडलं की पोरं जोडाक्षर चुकत नाहीत. माझ्या वर्गातलं शुद्धलेखन इतकं सुधारलं ते याच्यामुळे, शेतीमुळे नव्हे!

फोटोंची एक गंमत जरूर करा. काचेच्या ग्लासात कडेनं ओला टिपकागद लावून मटकी अडकवायची. खडूनं खूण करून रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी मोबाइलनं एक फोटो. चौथ्या दिवशी रोपासकट कागद उलटा करून परत बसवायचा. बारा-पंधरा फोटो झाले की संगणकावर ओळीनं लावून बाणाचं बटण पटापट दाबायचं. वर गेलेलं मूळ वळून पुन्हा खाली शिरताना दिसतं. आमच्या वर्गात हे बघताना एक पोरगा ओरडला, "आरं, त्याला कळतंय!" झाडाला मेंदू असतो का यावर नंतर अर्धा तास गेला. तो जाऊ द्यावा.

बाजारभाव, मावा-तुडतुड्यांसारखी बारीक कीड बघायला संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक, हे सगळं पुढच्या वर्षी. विजेचं मात्र आधी बघा. बिल थकलं म्हणून आमच्या शाळेची वीज एकदा दोन महिने तुटली होती. तेव्हापासून पोरं आधी वहीत लिहितात, वीज आली की शीटमध्ये चढवतात.

आणि गोणपाटावर पाणी नुसतं शिंपडा. पहिल्या वर्षी मी ते चिंब भिजवून संगणकाच्या खोलीत ठेवलं होतं. सोयाबीन कुजलं, आणि आठवडाभर त्या खोलीत नाकाला रुमाल लावल्याशिवाय कुणी पाऊल टाकलं नाही.