ब्लेंडर हे थ्रीडी अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकताय ना? मग आधी एफ-वन दाबायला शिका

अरे, आल्याआल्या दोन तासांचे यूट्यूब व्हिडिओ लावून बसू नकोस, झोप येईल. ब्लेंडरचं स्वतःचं मॅन्युअल फुकट आहे आणि खरंच चांगलंय, फक्त ते पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. ज्या बटणाचा अर्थ कळत नाही त्याच्यावर माऊस नेऊन एफ-वन दाब, ब्राउझरमध्ये थेट त्याचंच पान उघडतं, बहुतेक वेळा तरी. कमांडचं नाव माहितीये पण मेनूत सापडत नाही तर एफ-थ्री दाबून शोध, आणि खालच्या पट्टीत माऊसचं कुठलं बटण आत्ता काय करेल ते लिहिलेलं असतं, तिकडे कुणी बघतच नाही राव!

व्हिडिओ बघायचाच तर आधी व्हर्जन बघ, २०१९ ला २.८ आलं तेव्हा सगळा इंटरफेस बदलला, त्याआधीच्या ट्युटोरियलमधली बटणं शोधत बसशील. मॅन्युअलमध्येही आपलं व्हर्जन निवडता येतं. नेट रडतं असेल तर अख्खं मॅन्युअल डाउनलोडही होतं.

सुरुवातीला फक्त कीफ्रेम (कुठल्या क्षणी वस्तू कुठे असेल त्याची खूण) आणि ग्राफ एडिटर (त्या हालचालीचा आलेख बदलायची खिडकी) वाच, एक बॉल उडवून बघ. रिगिंगला, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवण्याला, एवढ्यात हात लावू नको.